दोन साक्षीदार

"तारीख दोघांनाही आठवेना. राजा तिथेच फसला," रफिक म्हणाला. "आपण तारीख आधीच ठरवून ठेवू."

दुबईच्या देरा भागात, खाडीकाठच्या शिपिंग ऑफिसात, मागच्या खोलीत तिघे बसले होते. रफिक पणजीच्या पोर्तुगीज शाळेत शिकलेला, गोवा मुक्त झाल्यावर दोन वर्षांनी इकडे आलेला क्लार्क. इद्रीस लाँचवर माल चढवणारा मुकादम. तिसरा यूनुस. त्याची जुलेखा चार दिवसांपूर्वी बाळंतज्वराने गेली होती. मागे आठ दिवसांची मुलगी होती, आणि निकाह झालेला नव्हता.

यूनुसच्या वडिलांनी, खैरुद्दीननी, जुलेखाशी, एका आयाशी, लग्न करायला साफ नकार दिला होता. तिचं नावगाव या घरात उच्चारायचं नाही, असं बजावलं होतं. आता त्यांनीच काझींना बोलावलं होतं. लपून का होईना, निकाह झाल्याचं सिद्ध झालं तर मूल त्यांची नात. नाही तर मूल पुढच्या बोटीने मुंबईच्या यतीमखान्यात जाणार.

रफिकने शाळेत पाठ केलेला इतिहास सांगितला. सहाशे वर्षांपूर्वी पोर्तुगालचा राजपुत्र पेद्रू इनेश नावाच्या बाईत गुंतला. म्हणतात, त्याच्या बायकोने इनेशला आपल्या बाळाची धर्ममाता केलं, म्हणजे ते प्रेम पाप ठरेल. पेद्रूने जुमानलं नाही. शेवटी त्याच्या बापाने, राजाने, इनेशला मारवलं. पुढे पेद्रू गादीवर आला आणि त्याने शपथेवर जाहीर केलं की आमचं गुपचूप लग्न झालं होतं. एका बिशपने आणि एका नोकराने तशी साक्ष दिली, पण लग्नाची तारीख दोघांनाही सांगता आली नाही.

"लोकांनी मानलं?" यूनुसने विचारलं.

"राजासमोर कोण बोलणार?"

"आपल्यासमोर खैरुद्दीनचाचा आहेत," इद्रीस म्हणाला. "त्यांच्यापुढे मला माझ्या बापाचं नाव आठवत नाही, तारीख कुठली आठवणार?"

गेल्या वर्षीच्या रज्जब महिन्याचा दुसरा शुक्रवार ठरला, असरच्या नमाजानंतर. मेहेर ठरला, वाटलेले खजूरही ठरले. इद्रीसने साक्ष तीनदा पाठ म्हणून दाखवली.

दुपारी खैरुद्दीनच्या घरी बैठकीत काझी वही उघडून बसले. पडद्याआड यूनुसची आई मैमुनाबी बाळाला मांडीवर घेऊन होती. काझी येण्याआधी ती यूनुसला एवढंच म्हणाली होती, की पोर मला हवी, काय सांगायचं ते सांग.

दोघांच्या साक्षी जुळल्या. काझींनी लिहून घेतलं आणि मान वर केली.

"वली कोण होता? आपल्या शाफई पंथात मुलीच्या बापाच्या संमतीशिवाय निकाह नाही."

रफिकने इद्रीसकडे पाहिलं. बिशपला हे कुणी विचारलं नव्हतं.

"तिच्या वडिलांनी पत्र पाठवलं होतं," यूनुस म्हणाला. "इद्रीसला आपल्या वतीने बोलायला वकील नेमलं होतं."

इद्रीसने मान हलवली. खैरुद्दीन तसबीहचे मणी ओढत राहिले.

"वडिलांचं नाव?"

"हुसेन तांडेल. राहणार बाणकोट."

पडदा हलला. मैमुनाबी बाळाला घेऊन बाहेर आली.

"यूनुस, हुसेनला मुली किती?"

"एकच, जुलेखा. तिची आई बाळंतपणातच गेली."

"कुठल्या वर्षी?"

"मी जन्मलो त्याच वर्षी, अम्मी. आम्ही एका वयाचे."

मैमुनाबी खाली बसली. तिची स्वतःची आई लवकर वारली होती, म्हणून यूनुसच्या वेळी, पहिल्या बाळंतपणाला, ती मावशीकडे गेली होती, बाणकोटला. हुसेनचं घर मावशीच्या भिंतीला लागून होतं.

"हुसेनची ती पोर रात्रंदिवस रडायची," ती काझींना म्हणाली. "मी पाजलं तिला."

तसबीह थांबली. काझींनी लेखणी खाली ठेवली.

"विचार करून बोला, मैमुनाबी. एकाच बाईच्या अंगावर पाचदा प्यायलेली मुलं सख्खी भावंडं ठरतात. त्यांचा निकाह कधीच होऊ शकत नाही. किती वेळा पाजलंत?"

मैमुनाबीने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं, मग यूनुसकडे.

"सहा महिने," ती म्हणाली. "एका बाजूला हा, एका बाजूला ती."