येपचं नाव

पाद्रीबाबांनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि नाव दिलं, येप. चार मुलींनंतर लाउरिड्सला झालेला हा पहिला मुलगा. बाळाला हातांवर घेऊन धर्मबाप म्हणून थेर्केल उभा होता, आणि येप हे त्याच्याच मेलेल्या भावाचं नाव. गेलेल्याचं नाव मुलाला द्यायची आम्हा डॅनिश लोकांची रीतच आहे, पण ते आपल्या घरातल्या माणसाचं. मित्राच्या भावाचं नाव कोण देतो? थेर्केल भर चर्चमध्ये रडला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

नंतर लाउरिड्सच्या घरी कॉफी, केक आणि पुरुषांना कडक दारूचा एकेक पेला. नेब्रास्कात येऊन नऊ वर्षं झाली, तरी आमचे पुरुष जमले की अठराशे चौसष्टची, प्रशियाशी झालेली लढाई निघतेच. आज तर म्हातारा सार्जंट ब्रोगर आला होता, गेल्याच आठवड्यात डेन्मार्कातल्या जटलंडहून लेकीकडे राहायला आलेला. थेर्केलला तो ओळखत नव्हता. लाउरिड्सच्या पाठीत मात्र त्याने सणसणीत थाप मारली.

"काय रे सशा! हा माझा निरोप्या बरं का! प्रशियन फौजेला पत्ता लागू न देता माघार घ्यायची होती. याला पवनचक्कीच्या चौकीवर धाडला, मागे फिरा म्हणून सांगायला. तासाभरात गडी परत! म्हणे, निरोप दिला, दोघंही मागून येतायत."

"कॉफी घ्या ना, सार्जंटसाहेब," लाउरिड्स किटली उचलत म्हणाला.

"आले कुठे? शत्रूला जाऊन मिळाले हरामखोर. मीच तसं वर लिहून कळवलं."

थेर्केलने पेला खाली ठेवला. त्या चौकीवर तो होता आणि येप होता. रात्रभर दोघांनी निरोपाची वाट पाहिली. पहाटे येपला गोळी लागली, थेर्केल कैद झाला. निरोप्या वाटेतच मारला गेला, असं त्याला पुढे लाउरिड्सनेच सांगितलं होतं, गळ्यात हात घालून. त्या अनोळखी शिपायासाठी थेर्केल सतरा वर्षं दर नाताळाला प्रार्थना करत आला होता.

"तू आलाच नव्हतास," तो म्हणाला.

"ओढ्यापर्यंत आलो होतो, थेर्केल. बर्फ पातळ होता. बावीस वर्षांचा होतो रे मी. वाटलं, आपल्या तोफांच्या गाड्या मागे निघाल्याचा आवाज ऐकून तुम्हीच निघाल."

"आणि येपला पळपुटा ठरवला तेव्हा का नाही बोललास?"

लाउरिड्सने मान खाली घातली. "म्हणून तर नाव दिलं. त्याचं नाव तरी जगू दे म्हटलं."

सार्जंट आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. त्याला आता सगळं कळलं होतं आणि कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात लाउरिड्सची बायको आतून रडतं बाळ घेऊन आली. "झोपतच नाही बघा. घ्या जरा, धर्मबाप!"

थेर्केलने बाळाला घेतलं, क्षणभर छातीशी धरलं आणि लाउरिड्सच्या हातात दिलं.

"हाक मार त्याला," तो म्हणाला. "त्या रात्री मारायची राहिली ती. माझ्यासमोर मार."

बाळ रडायचं थांबून बापाच्या तोंडाकडे बघू लागलं. लाउरिड्सने तोंड उघडलं, पण त्याला ते नाव काही केल्या उच्चारता येईना.