खंड्या-टिप्याची जीप

लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी जीप अंबादास वकिलांनी तीन महिने खपून सजवली, ती खंड्या आणि टिप्या या आपल्या दोन कुत्र्यांना घेऊन रानोमाळ भटकायला. वर पत्र्याचं छप्पर, मागं पाण्याचं पिंप, स्टोव्ह, आणि कुत्र्यांच्या अंगाला खडे टोचू नयेत म्हणून कापसाची जाड गादी! "जिथं बैलगाडी जात नाही तिथं ही जाईल," असं त्यांनी शिवाजी पेठेत दिसेल त्याला धरून सांगितलं. "ती दोघं येतो म्हणालीत का?" एवढंच त्यांच्या बायकोनं, विमलाबाईंनी विचारलं.

गारगोटीच्या पुढं पहिल्याच ओढ्यात जीप बसली ती बसलीच. वकील चिखलात लोळून इंजिनाशी वाद घालत होते, तेवढ्यात केरबा नावाचा शेतकरी बैलगाडी हाकत त्याच ओढ्यातून आरामात आला.

"पावणं, दोर हाय का?"

दोर तेवढा वकिलांनी घेतला नव्हता. शेवटी केरबानं आपल्याच चऱ्हाटानं जीप बैलगाडीच्या मागं बांधली. तोवर दोन्ही कुत्री गादी सोडून बैलगाडीतल्या कडब्यावर जाऊन बसली होती. केसांपर्यंत चिखलानं माखलेले वकील स्टिअरिंग धरून बसले आणि वरात निघाली.



थोडं पुढं गेल्यावर कुत्री मागच्या जीपवर जीव तोडून भुंकायला लागली, तसा केरबानं त्यांना दम भरला, "गप की रं! पावणं हायत त्ये, आपल्यासंगच येत्यात."