चार हो, एक नाही

चौथ्या वर्षीही चिठ्ठ्या उघडल्या आणि चार 'हो' निघाले, एक 'नाही'.

अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. फुटबॉल संघटनेच्या सन्मान समितीत माणसं पाच, आणि सभागृहाच्या भिंतीवर कुणाच्या नावाचा फलक लावायचा तर पाचही चिठ्ठ्या 'हो' लागतात, असा कुण्या शहाण्यानं कधीकाळी नियम करून ठेवलेला. एक जरी 'नाही' आला तरी अर्ज वर्षभर बाजूला. पुढच्या वर्षी नवे पुरावे जोडून पुन्हा यायचं. अर्ज जुने फुटबॉल कोच मास्तर यांचा, आणि मास्तर आता ब्याऐंशीचे. त्यांनी अजून किती वर्षं यायचं?

समितीतल्या पाचांपैकीच एक, गोलकीपर, त्याचं डोकं उठलं होतं. त्याचं वय बासष्ट, गुडघे कामातून गेलेले, धंदा किल्ल्या बनवायचा. पण मास्तरांच्या हाताखाली बारा वर्षं गोल सांभाळला म्हणून गावभर नाव तेच चिकटलेलं. मास्तरांचा अर्ज भरला त्यानंच. फाईल वाहतो तोच, झेरॉक्स काढतो तोच, आणि दरवर्षी निकाल सांगायला जाऊन शिव्याही तोच खातो.

वाद नेहमीचाच. मास्तरांनी इतिहास घडवला की नुसत्या शिट्ट्या फुंकल्या? गोलकीपरनं चेंडू लाथेनं लांब न भिरकावता हातानं जवळच्या गड्याकडे टाकायचा आणि तिथून चढाई सुरू करायची, हे या भागात पहिल्यांदा मास्तरांनी शिकवलं, असं अर्जात लिहिलेलं. पत्रकारबाई म्हणाल्या, हा मोठाच बदल. संघटनेचा कारकून म्हणाला, पहिल्यांदा कशावरून, पुरावा काय? निवृत्त पंच म्हणाला, पहिल्यांदा बिहिल्यांदा काही नाही, त्या काळी मैदानात चिखलच एवढा असायचा की लाथ मारायला गेलं की माणूस आडवा व्हायचा. दोन तास हेच दळण.

पंचाचं आणि मास्तरांचं हाडवैर. एका अंतिम सामन्यात मास्तरांनी त्याला भर मैदानात चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला होता. तेव्हा 'नाही' निघाला की सगळ्यांच्या नजरा पंचाकडे वळायच्या.

"माझ्याकडे काय बघता?" पंच म्हणाला. "मी 'हो' लिहिलंय. पटत नाही, तरी लिहिलंय. आणि फलक लावून कुणाचं भलं झालंय? मागं त्या दुसऱ्या कोचचा लावला. 'झालं, आता काही राहिलं नाही,' म्हणाला बिचारा. तिसऱ्या महिन्यात आपण सगळे त्याच्या घरी सांत्वनाला बसलो होतो."

मग त्यानं पाकिटातून मागच्या तीन वर्षांचे तीन 'नाही' काढले. माणसानं ते जपून ठेवले होते! चारही चिठ्ठ्या शेजारीशेजारी मांडल्या. अक्षर एकच, पहिलीतल्या पोरानं गिरवल्यासारखं, वेलांटी भलतीकडे पळालेली.

"आत्ता, इथं, सगळ्यांनी 'नाही' लिहा," पंचानं फर्मान काढलं.

पाच जाणती माणसं खाली माना घालून लिहायला बसली. गोलकीपरनंही लिहिलं. किल्ल्यांच्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं लिहून लिहून त्याचं अक्षर मोत्यासारखं झालेलं. कुणाचंच जुळलं नाही. अध्यक्ष म्हणाले, आता माझं ब्लडप्रेशर वाढेल, आणि सभा संपली.

गोलकीपर तिथून थेट मास्तरांकडे गेला.

साडेचार वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवण नाही, बोलणं नाही. मुलगी चमच्यानं भरवायची, ते ओठ मिटून घ्यायचे. डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हा गोलकीपरनं हा अर्ज आणून वाचून दाखवला. त्यातली एक तारीख चुकली होती. मास्तर महिन्याभरानं पहिल्यांदा बोलले, ते त्याला गाढव म्हणाले, आणि चष्मा मागवून उठून बसले.

आताही ते दारातच उभे होते. "किती?"

"चार-एक."

मग जे सुटलं ते सुटलं. समितीच्या सात पिढ्या निघाल्या, पंचाचे डोळे निघाले, आणि उपांत्य सामन्यात गोलकीपरनं दोन पायांमधून जाऊ दिलेला गोलही निघाला. तो अडवला असता तर पुराव्याची वेळच आली नसती म्हणे. छत्तीस वर्षं झाली त्या गोलाला. गोलकीपर दातओठ खात ऐकत राहिला. बोलता बोलता मास्तरांनी ताटातलं सगळं संपवलं आणि मुलीकडे आणखी मागितलं.

"कारकुनाला पुरावा हवाय ना? तोंडावर फेकतो त्याच्या," ते म्हणाले. "जुन्या गड्यांपैकी जिवंत कोण कोण आहे त्याची यादी काढायची. सकाळी सातला ये."

"सातला? दुकान कोण उघडणार, मास्तर?"

"सातला म्हणजे सातला."

गोलकीपरला रडावं की हसावं कळेना. मागच्या वर्षी एका पिवळ्या पडलेल्या फोटोसाठी म्हाताऱ्यानं त्याला तीन गावं फिरवलं होतं, आणि मिळाला तेव्हा फोटो निघाला भलत्याच संघाचा. तेव्हाही शिव्या त्यालाच.

मुलगी फाटकापर्यंत पोचवायला आली. दरवर्षी वाटतं की या वेळी बाबा खचतील, म्हणाली. मग डोळे पुसून चिडून म्हणाली, "दादा, तो 'नाही' लिहिणारा सापडला ना, तर आधी माझ्यासमोर उभा करा. सोलून काढते मेल्याला."

"करतो," गोलकीपर म्हणाला.

फाईल काखोटीला मारून तो लंगडत निघाला. सातला यायचं म्हणजे साडेपाचला उठणं आलं. शिवाय पंच आता अक्षर ओळखायला लागला होता. वर्षभर डाव्या हाताला नव्या वळणाचा सराव द्यावा लागणार होता.