गुरुजींची चौथी फ्लॉपी

“गुरुजी, हीबी गेली,” बंटी म्हणाला.

फ्लॉपी वाचता येत नाही, अशी तीच इंग्रजी सूचना पडद्यावर पुन्हा उमटली होती. भिवाजी गुरुजींनी टेबलावर हात आपटला. चौथी फ्लॉपी! सहा महिने ते औंढ्याला बंटीच्या टायपिंगच्या दुकानात खेटे घालत होते. साखऱ्याहून दोन एसट्या बदलून यायचं, वहीत लिहिलेल्या पुस्तकाची प्रकरणं टाइप करून फ्लॉपीत भरून घ्यायची, फ्लॉपी घरी न्यायची आणि पुढच्या खेपेला ती उघडायचीच नाही. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

“तुझ्या मशीनीत ठेवून घ्यायला काय जातं रे तुझं?”

“जागा कुठं हाय, गुरुजी? त्यात व्हायरस. मागं एकाचा सगळा मजकूर उडाला, तर त्यानं माझी गचांडी धरली.”

गुरुजींचा जीव या पुस्तकात अडकला होता, आणि तो उगाच नव्हे. गेल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून असत, जेवायलाही उठत नसत. मग एका सकाळी त्यांनी वही मागितली. वस्तीतला पहिला मॅट्रिक पोरगा, म्हणजे ते स्वतः, कसा शिकला, ते लिहायला घेतलं आणि माणूस उठून बसला. जेवू लागला, एसटीत धक्के खाऊ लागला, बंटीवर खेकसू लागला.

“धुळीनं जात असंल,” बंटी म्हणाला.

“धूळ कुठून लागेल? हिनं रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती.”

त्यांची बायको पद्माबाई बाकावर बसल्या होत्या. फ्लॉपी त्याच सांभाळायच्या. पाणी लागू द्यायचं नाही, उन्हात ठेवायची नाही, चुंबकाजवळ न्यायची नाही. बंटीनं पहिल्या दिवशी सांगितलेली ही पथ्यं गुरुजी कधीच विसरले होते. पद्माबाईंना ती तोंडपाठ होती.

बंटीनं खणातून बोटाएवढी वस्तू काढली. “पेनड्राइव्ह घ्या. अठराशे. ऐंशी फ्लॉप्यांचं ह्याच्यात मावतं.”

“अठराशे? एवढ्याशा तुकड्याला?”

गुरुजींनी तो उलटापालटा केला, कानाशी हलवून पाहिला. काही वाजेना. फ्लॉपीनं चारदा दगा दिला, हा कशावरून देणार नाही? दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला ताकही फुंकून प्यावं लागतं.

“आत फिरणारं काही न्हाईच, तर बिघडंल काय?” बंटी म्हणाला. “पडू द्या, धक्के बसू द्या.”

“नका घेऊ,” पद्माबाई म्हणाल्या. “फ्लॉपी काय वाईट हाय? पंधरा रुपयात येती.”

“चारदा गेली आन तुला काटकसर सुचून राहिली!” गुरुजी तडकले. “माझे दिवस किती राहिलेत? एवढं पुस्तक छापून हातात पडलं की मी सुटलो. डोळे मिटायला मोकळा.”

हे ते रोजच म्हणत. पद्माबाईंनी बंटीला विचारलं, “चुंबकानंबी काही होत न्हाई का रं ह्याला?”

“न्हाई, मावशी. बिनघोर राहा.”

गुरुजींचं तिथंच ठरलं. बायको कशी बारीक विचार करते, याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी पैसे दिले. बंटीनं दुपारभर बसून पहिली दोन प्रकरणं पुन्हा टाइप केली आणि पेनड्राइव्ह पद्माबाईंच्या हातात ठेवला.

गुरुजी एसटी बघायला पुढे निघाले. वीस पावलांवर ध्यानात आलं, चष्मा टेबलावरच राहिला. चडफडत ते परत फिरले आणि दारातच थबकले.

आत पद्माबाई टेबलावर वाकून काकुळतीनं बोलत होत्या.

“धूळ न्हाई, धक्के न्हाई, चुंबकबी न्हाई. मग हे बिघडवायचं तरी कसं? लवकर सांग, लेकरा. वहीतलं पुस्तक संपत आलं त्यांचं.”