रविवारची फेरी

"रविवारचं पक्कं करून टाकू," नानाजी म्हणाला. "सकाळची फेरी. उजाडायच्या आधी गेटवर पोचू."

दसरूनं मान हलवली. दोघे मित्र अंगणातल्या बाजेवर बसले होते, आणि बापाचा सदरा मुठीत धरून दसरूचा सहा वर्षांचा अंकुश. हे पोरगं आता बापाला सोडतच नव्हतं. बाप धानाच्या बांधीत गेला की हा मागं मागं. बाप सरपणाला निघाला की रडून गाव डोक्यावर घ्यायचा. शाळेचं तर नाव काढायची सोय नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची आई, सोमारी, जंगलात मोहफुलं वेचत होती, तिथून तिला वाघानं ओढून नेलं. तेव्हापासून पोरगं धसकलं, असं अख्खं गाव म्हणायचं.

नानाजी राखीव जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यात, बफरच्या गेटवर जिप्सी चालवायचा, शहरातल्या पाहुण्यांना जंगल फिरवायचा. पण हा बेत त्याचा नव्हता, दसरूचा होता.

"एक बार डोळ्यानं पाहू दे पोराले," दसरू म्हणाला होता. "पाण्यात बसून माश्या हाकलते, जांभया देते. जनावरच हाये ना शेवटी, भूत तं नाई. पाहिलं का धसका जाईन त्याचा."

काट्यानं काटा निघतो म्हणतात. पण निघाला नाही तर आणखी खोल जातो, हेही नानाजीला कळत होतं. पण दोस्तानं आजवर काही मागितलं नव्हतं. याला नाही कसं म्हणावं?

"थंडी मरणाची राहते," तो अंकुशकडे बघून म्हणाला. "टोपरं घालजो. तुले समोरून सगळं दाखवतो. सांबर, गवे, मोर. येताना नागभीडले रेल्वे पाहू, समोसे खाऊ. आणि तळ्यावर वाघ तं दिसतेच दिसते, परवाच..."

शब्द निघून गेला. जंगलात पाय टाकणारी माणसं ते नाव घेत नाहीत, 'मोठा' म्हणतात. या घरात तर सोमारी गेल्यापासून तेवढंही कोणी म्हटलं नव्हतं. दिवसभर पाहुण्यांबरोबर वाघ वाघ करून नानाजीच्या जिभेला हाड उरलं नव्हतं. त्याला स्वतःचीच चीड आली. दसरूनं पोराच्या पाठीवर हात ठेवला.

अंकुश रडला नाही.

"काका," मग त्यानं विचारलं, "तुमच्या गाडीले दारं हायेत का?"

नानाजीनं दसरूकडे पाहिलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण रविवारी पोरगं गाडी बघणारच होतं.

"नाई रे बाबू. उघडीच राहते. वरूनही आणि बाजूनंही."

"आणि तो किती जवळ येते?"

"येते कधी कधी. पण गाडीतल्या माणसाले काही करत नाई. इतके वर्षं चालवून राह्यलो, मले कुठी काय झालं?"

पोराचा चेहरा उतरला. बेत फिसकटला, असं दसरूला वाटलं. त्यानं घाईघाईनं लेकाला मांडीवर ओढलं.

"भेऊ नको. तुले मधात बसवतो. पवनमामाही येते आपल्यासंग. इकडून मी, तिकडून तो. काका गाडी चालवीन. तुले वाराही लागणार नाई."

अंकुशनं मान हलवली, नाही म्हणून. बापाच्या मांडीवरून उतरला, नानाजीच्या जवळ गेला आणि बापाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"मले नाई, काका. बाबाले मधात बसवा. मी कडेले बसतो."