शेजारची बाजू

दुकानदार पुन्हा एकदा समजावून सांगत होता की दगड पुढून उडतात, तेव्हा फिल्म आधी पुढे लावायला हवी. डॉक्टर मान डोलवत होते, ऐकत मात्र नव्हते.

गाडी गर्द निळी होती, जमिनीला चिकटून उभी असलेली, स्पोर्ट्स कार म्हणतात तशी. गेली वीस-पंचवीस वर्षं लोकांचे दात कोरून डॉक्टरांनी ती घेतली होती. तिच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवायची होती. खडी, चिखल, नखं, सगळं फिल्मने अंगावर घ्यायचं आणि खालचा रंग कोरा राहायचा. बाकीची गिऱ्हाइकं बॉनेट, बंपर आणि आरसे झाकून घेत. पूर्ण गाडी करायची तर ती काही दिवस दुकानात ठेवावी लागे. डॉक्टरांना तेवढा दम नव्हता. त्यांना आजच्या आज फक्त चालकाच्या शेजारच्या सीटचं दार हवं होतं. दार, दाराखालचा उंबरा आणि वरची छताची कड.

दुकानदाराने हसत विचारलं की वहिनींच्या बांगड्यांची भीती आहे का. डॉक्टर म्हणाले, बायको तर या गाडीला सवत म्हणते, ती हातही लावत नाही.

मग त्यांनी गाडीतून एक जुनी काठी काढली. तिच्या टोकाचं रबर झिजलं होतं आणि आतलं लोखंड बाहेर आलं होतं. नमुन्याच्या पत्र्यावर वेगवेगळ्या फिल्मच्या पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी काठी दाबून एकेकीवरून ओढली. एक फाटली. एकीवर पांढरी रेघ राहिली. जाड पट्टीवरही रेघ उमटली, पण दुकानदाराने गरम पाणी ओतताच ती हळूहळू विरून गेली. उन्हानेही असंच होतं, तो म्हणाला.

"हीच लावा," डॉक्टर म्हणाले.

काठी ताईची, म्हणजे मोठ्या बहिणीची होती; रबर बदलून आणतो सांगून ते सकाळीच ती घेऊन आले होते. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताई नुकती कॉलेजात जाऊ लागली होती. कॉलेज सोडून तिने एका बेकरीची व्हॅन चालवायला घेतली. उजाडायच्या आधी ती दुकानादुकानांतून पाव टाकत जायची. धाकट्या भावाला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तो शेजारच्या सीटवर दप्तर उशाला घेऊन झोपायचा. शाळेच्या फाटकाशी ती त्याला उठवायची. त्या व्हॅनवर तो दातांचा डॉक्टर झाला. पुढे बेकरी तिने स्वतःच चालवली, पण व्हॅनची किल्ली कुणाच्या हाती दिली नाही.

मग जिन्यावरून पडून तिचं कंबरेचं हाड मोडलं. डावा पाय कायमचा कमजोर झाला, हातात काठी आली. व्हॅन विकली गेली. ताई घरातच राहू लागली. नवी गाडी घेऊन डॉक्टर आले तेव्हा तिने दारातूनच कौतुक केलं, पण बसायला काही तयार झाली नाही. माझी काठी लागेल कुठेतरी, म्हणाली. पुढच्या वेळी ऊन होतं, त्याच्या पुढच्या वेळी गुडघा दुखत होता. डॉक्टरांनी ताडलं की खरं कारण काठीच.

दुपार कलायच्या आत गाडी ताईच्या दारात उभी राहिली. डॉक्टरांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं. तिच्याच काठीने चकचकीत दारावर रेघ ओढली. ताईने त्यांचं मनगट धरलं. दोघंही बघत राहिली. दार उन्हाने तापलेलं होतं. रेघ फिकट झाली, मग नाहीशी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की आता काठी हवी तशी आपटायची, छताला धरून खुशाल बसायचं. सीट खोल आहे म्हणून त्यांनी कडक उशीही आणली होती. ती सीटवर ठेवून त्यांनी दार सताड उघडलं.

ताई हलली नाही.

"आता काय अडलं, ताई?"

"कसं सांगू तुला," ती म्हणाली. "या बाजूला मी कधी बसलेच नाही रे."

ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हिला क्लच नसतो म्हणे? म्हणजे डाव्या पायाला काही कामच नाही. आणि लायसन्स चालू आहे माझं. मुदत संपली की जाऊन वाढवून आणते. तुला बोलले नाही कधी. हसशील म्हणून."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वाकून उशी उचलली, गाडीला वळसा घातला आणि चालकाच्या सीटवर ती नीट बसवली. मग किल्ली ताईच्या तळहातावर ठेवली.

ताई त्या बाजूला आली. आधी टेकली, मग हातांनी डावा पाय आत घेतला, मग उजवा. काठी आत ओढून घेताना तिचं टोक दारावरून करकरत गेलं. या दाराला फिल्म नव्हती. निळ्या रंगावर वीतभर पांढरा ओरखडा उमटला. ताईचे हात जागच्या जागी थांबले.

डॉक्टरांनी ओरखडा पाहिला. काठी तिच्या हातातून अलगद घेतली, दार लावलं, आणि पलीकडे जाऊन शेजारच्या सीटवर बसले. काठी त्यांनी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली.

ताईने सीट पुढे घेतली. आरसा आपल्या उंचीला वळवला. गाडी सुरू झाली तशी तिची पाठ ताठ झाली. मग समोरच्या मोकळ्या रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "पट्टा लाव, छोट्या."