महिपतीदादाचा काटा

"काटाच हाय, मॅडम. घाणेरीचा," महिपती चौथ्यांदा म्हणाला.

डॉक्टर अनघा मॅडमनी मनगटापर्यंत फुगलेला हात उलटसुलट करून बघितला. बोटाला बारीकसं भोक, शेजारी ओरखडा. कुठं टोचला? घरामागं, परसात. कधी? झाला की दीड तास. परसात काटा टोचलेल्या माणसाच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत खाचरातला चिखल कसा, हे मॅडमनी विचारलं नाही. त्यांना उपचार करायचा होता, तपास नव्हे.

"साप बी आसू शकतो," मागून धोंडिबा हळूच म्हणाला.

धोंडिबा म्हणजे महिपतीचा धाकटा भाऊ. कार्ल्याच्या शिवारात दोघांची भातखाचरं शेजारी शेजारी, मधे एक बांध. दादाचा हात सुजलेला दिसला तसा त्यानंच त्याला ओढत मोटारसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात आणलं होतं. वाटेत दोनदा विचारलं होतं, दादा, घोणस तर नव्हती? महिपतीनं दोन्ही वेळा त्याला गप्प केलं.

होती घोणसच. पण सांगणार कसं? महिपती गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. बांधावरनं डोकी फोडायला निघालेल्या चार घरच्या भावाभावांना त्यानं एकमेकांच्या गळ्यात घातलं होतं. 'बांधाला हात लावणं म्हंजी आईच्या पदराला हात लावणं,' हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. ते ऐकून बायका डोळे पुसायच्या. आणि हाच अध्यक्ष गेली चार वर्षं, दुपारी गाव जेवून लवंडलं की, टिकाव घेऊन आपल्या अंगानं बांध कोरत होता. वर्षाला फक्त वीतभर. हावरटपणा त्याच्या स्वभावात नव्हता.

गंमत अशी, की हा वीतभर कोरायचा आणि बांध दोन वीत बारीक व्हायचा. आता तर त्यावरनं चालायचं म्हणजे डोंबाऱ्याची दोरी. महिपतीनं विचार करून खेकड्यांवर ठपका ठेवला. "खेकडं लय माजल्यात औंदा," असं तो धोंडिबाला म्हणाला, तेव्हा धोंडिबानं लगेच मान हलवली, व्हय दादा, लयच. किती भोळा माझा भाऊ, असं वाटून महिपतीला गलबलून आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं जरा कमीच कोरलं.

आज बांधातलं ढेकूळ निघेना म्हणून त्यानं त्याखालच्या बिळात हात घातला. कुकरची शिट्टी वाजावी तसा फुत्कार झाला आणि बोटात कळ घुसली. घोणस म्हणावं तर लोक विचारणार कुठं. बांधात म्हणावं तर काठ्या घेऊन अख्खं गाव तिथं जाणार, आणि तिथं ताजी माती अन् अध्यक्षाचा टिकाव. त्यापेक्षा काटा बरा. काट्यानं माणसाची अब्रू जात नाही.

मॅडमनी काचेच्या कोरड्या नळीत त्याचं थोडं रक्त घेतलं आणि नळी उभी करून ठेवली. वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही, म्हणाल्या. रक्त गोठलं, तर काका म्हणतात तसं काट्याचं बघू. पातळच राहिलं, तर घोणशीसारख्या सापाचं विष भिनलंय, लगेच सापाची लस चालू.

महिपती घड्याळाकडे बघत बसला. आई एकवीरे, गोठव. कोंबडं देतो, पण गोठव. जिवासाठी नवस करणारे त्या दवाखान्यात रोजच येत असतील. हा नवस अब्रूसाठी होता. आठव्या मिनिटाला त्याला तोंडात खारट लागलं. हिरड्यांतनं रक्त येत होतं. मॅडमना दिसू नये म्हणून त्यानं ते गिळलं. मग परत गिळलं.

धोंडिबाची तऱ्हा त्याहून वाईट. दर दोन मिनिटांनी तो वाकून नळीत बघायचा. एकदा हलवायला हातही पुढं केला, तर मॅडम खेकसल्या. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. सख्ख्या भावाची ही तडफड बघून महिपतीची मान खाली गेली. ज्याचा बांध खाल्ला, तोच आपल्यासाठी घाम गाळतोय.

वीस मिनिटं झाली. मॅडमनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं सरसर काठाशी आलं.

मग धावपळ झाली. खाट, सुई, सलाईन. लस चढता चढता मॅडमनी शांतपणे विचारलं, "काका, साप जिथं चावला तिथं अजून कोण जातं?"

महिपतीच्या डोळ्यांपुढं धोंडिबाची बायको उभी राहिली. बयाबाई. रोज चारला विळा घेऊन त्याच बांधाला गवत कापायला बसणारी. घड्याळात पावणेचार झाले होते.

"धोंड्या, घरी फोन लाव. बयाबाईला म्हनावं, बांधाला जाऊ नको." मग तो एका दमात म्हणाला, "बांधात चावली मला. बांध मी कोरत व्हतो. खेकडं न्हाईत, मीच."

आता धोंडिबा काय ते बोलेल, शिव्या देईल, सलाईन उपटेल, म्हणून महिपतीनं डोळे मिटून घेतले.

धोंडिबानं फोन बाहेर काढलाच नाही.

"ती न्हाई जायची. आठ दिस झालं, मी तिला तिकडं जाऊ देत न्हाई."

महिपतीनं डोळे उघडले. "म्हंजी तितं घोणस हाय, तुला ठावं व्हतं? मग मला का न्हाई सांगितलंस?"

धोंडिबानं नजर सलाईनच्या थेंबांकडे वळवली.

"कसं सांगू, दादा? भल्या पहाटं टिकाव घिऊन मी तितं कशाला गेलतो, म्हनून इचारलं आसतंस."